फोटोत जे सगळ्यात छान दिसतं, गोम तिथेच असते

रात्री ओटा आवरून झाला की मी आणि माझी जाऊ मोबाइलवर पुण्यातली आणि आसपासची विकायला काढलेली घरं बघत बसतो. नेहमीचे टू बीएचके नाही, ते सगळे सारखेच असतात. आम्हाला बघायची असतात ती वेगळी घरं, म्हणजे पेठेतला चौकाचा वाडा, सिंहगड रोडला नदीकाठचा बंगला, पानशेतच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेलं दगडी घर, कॅम्पातला कौलारू बंगला, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा मोठ्या टेरेसचा फ्लॅट. तीन-चार वर्षं हे चाललंय आणि त्यातली सात-आठ घरं आम्ही प्रत्यक्ष जाऊन बघून आलोय, एका ठिकाणी तर टोकन द्यायच्या बेतात होतो.

एवढं बघून एक गोष्ट मात्र पक्की कळली, की जाहिरातीत ज्या गोष्टीचा फोटो सगळ्यात पहिला लावलेला असतो ना, गोम बहुतेक वेळा तिथेच असते. चौकाचा फोटो असेल तर चौकात, पाण्याचा असेल तर पाण्यात, टेरेसचा असेल तर टेरेसवर. घर एवढं वेगळं कसं आणि एवढं स्वस्त कसं, ह्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघतं. एकेक घर घेऊन सांगते, कायद्याचे शब्द मधे मधे येतील पण घाबरू नका, ते अवघड नाहीत, आपल्याला कोणी धड समजावून सांगत नाही एवढंच.

वाड्यापासून सुरुवात करते कारण माझा जीव त्याच्यातच अडकला होता. सदाशिव पेठेतला, दुमजली, मधे फरसबंदी चौक, चौकात तुळशीवृंदावन, काळेभोर झालेले सागवानी खांब आणि मागच्या बाजूला एक बुजवलेला हौद. हौद बघून मी वेडीच झाले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून पाणी पुण्यात आणलं होतं आणि शहरभर त्या पाण्याचे हौद होते, ते शाळेत असल्यापासून ऐकलेलं. किंमत बघितली तर तेवढ्या पैशात कोथरूडला बरा थ्री बीएचके पण आला नसता, आणि इथे अख्खा वाडा, जमिनीसकट.

एजंटने खालच्या दोन खोल्या उघडून दाखवल्या. वरचं काय असं जाऊबाईंनी विचारलं तर म्हणाला, वर भाडेकरू आहेत, ते होऊन जाईल. आम्ही तरी जिना चढायला लागलो तर वरूनच आवाज आला, "या ना वर, चपला तिथेच असू देत." एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा टाकला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "वाडा घेताय का? मग आम्हालाही घेताय हो. पाच बिऱ्हाडं आहोत." मग कपाटातून भाड्याच्या पावत्यांची चोपडी काढून दाखवली, कोपरे गोल झालेली, रबर लावून ठेवलेली. महिन्याचं भाडं पंच्याऐंशी रुपये. लग्न होऊन त्या ह्याच खोल्यांत आलेल्या, सासऱ्यांच्या नावाने पावती होती, मग यजमानांच्या नावाने झाली, आता त्यांच्या.

तर हे असं का आहे ते सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, आणि त्याच्या आधीही असाच जुना कायदा होता. ह्या कायद्यात जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही, नवीन मालक जुन्या मालकाच्या जागी येऊन बसतो एवढंच. भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, म्हणजे पंच्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी रुपये चाळीस पैसे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे तो हक्क जातो. काढायचं म्हटलं तर कायद्यात ठरावीक कारणं दिलीयेत, त्यातलं एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि ह्या केसेस वर्षानुवर्षं चालतात. पाडून नवीन बांधायचं तर सगळ्या भाडेकरूंना नवीन इमारतीत जागा द्यावी लागते. म्हणून वाड्याची किंमत ही खरं तर वाड्याची किंमत नसतेच, ती पाच बिऱ्हाडांसकट वाड्याची असते आणि तो आकडा जाहिरातीत लिहिलेला नसतो.

ह्यात आजींचं काही चुकत नाही हे मला मनापासून सांगायचंय. वाड्यांच्या गोष्टीत भाडेकरूला व्हिलन करायची पद्धत पडलीये. त्या बाईंनी त्या दोन खोल्यांत पन्नास-साठ वर्षं संसार केला, मालकाने तीस वर्षांत एक कौल बदललं नाही, पावसाळ्यात बादल्या ह्यांनीच लावल्या. कायदा त्यांच्या बाजूने आहे तो उगाच नाही. चूक त्याची, जो "होऊन जाईल" म्हणाला.

वाड्याची दुसरी गोम म्हणजे वारस. पेठेतल्या मिळकतीला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते, सिटी सर्वे नंबरवर निघतं. आम्ही ते काढलं तर त्यावर तीन भावांची नावं आणि तिघंही वारलेले. त्यांच्या पुढच्या पिढीची नोंदच नाही. म्हणजे तीन भावांच्या बायका, मुलं, मुली, आणि त्यांतली कोणी वारली असतील तर त्यांच्या मागचे वारस, एवढ्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. मोजले तर अकरा जण झाले, एक नागपूरला, एक ताई अमेरिकेत. विकणारे काका म्हणाले, बहिणींचं काही म्हणणं नाहीये, त्यांनी तोंडी सांगितलंय. इथे कान टवकारा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते ह्याने फरक पडत नाही. त्यामुळे बहिणीने हक्क सोडलाय असं नुसतं म्हणून चालत नाही, रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं, नाहीतर तिने खरेदीखतावर स्वतः सही करायची. तोंडी "काही म्हणणं नाही" हे राखीपर्यंत ठीक आहे, वाड्याला चालत नाही. आणि ती ताई अमेरिकेतून मुखत्यारपत्र पाठवणार असेल तर ते नीट साक्षांकित होऊन आलंय का, त्यावर इथे स्टॅम्प भरलाय का, हे वकिलाला दाखवायचं.

मुखत्यारपत्रावरून आठवलं. काही जण नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर "विकतात", खरेदीखत होतच नाही, पैसे घेतात आणि पॉवर लिहून देतात. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय की अशाने मालकी मिळत नाही. मालकी रजिस्टर्ड खरेदीखतानेच येते.

तिसरी गोष्ट शनिवारवाड्याजवळच्या घरांची. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी घेऊनच. दुरुस्ती करायची तरी आधी परवानगी. गॅलरीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो असं जाहिरातीत असेल तर गूगल मॅपवर अंतर मोजून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. राहायला घेत असाल तर कदाचित चालेलही, पाडून बांधायला घेत असाल तर सगळं गणितच बदलतं.

वाडा आम्ही सोडला. नंतर आठवडाभर मी जाऊबाईंशी धड बोलत नव्हते, पहिला प्रश्न तिने विचारला म्हणून.

आता पाण्याकडे येऊ. मुठेच्या काठचा बंगला, तळमजला, मागच्या अंगणातून थेट नदी, झाडी, खंड्या पक्षी, फोटो असा की बघणाऱ्याने उद्याच सामान हलवावं. आम्ही मे महिन्यात गेलो. घर नुकतंच रंगवलेलं, फरशी नवी, किचन ट्रॉल्या नव्या. जाऊबाई पर्समधून चार्जर काढून प्लग शोधायला लागली आणि तिला सापडेना, कारण खालचे प्लग पॉइंट नव्हतेच. अख्ख्या घरात एकही प्लग छातीच्या खाली नव्हता. टीव्हीचा, फ्रिजचा, बेडशेजारचा, सगळे वर. मीटरची पेटी तर पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन बसवलेली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. बाहेर कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी होती, त्याला विचारलं, दादा इथे पाणी येतं का, तर त्याने काही न बोलता टपरीच्या खांबावर हात ठेवून दाखवला, साधारण त्याच्या खांद्याएवढा.

पुण्यात नदीकाठचं घर बघताना दोन शब्द पाठ करा, निळी रेषा आणि लाल रेषा. पाटबंधारे खातं ह्या आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथपर्यंत पोचतो ती लाल. नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध, तिथे नवीन घर बांधायचं नाही. निळी ते लाल हा नियंत्रित, तिथे अटींवर बांधता येतं, जोतं पुराच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं वगैरे. आता "पंचवीस वर्षांतून एकदा" ह्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. पंचवीस वर्षं निवांत आणि मग एकदा, असं नाहीये ते. दर वर्षी पंचवीसातली एक शक्यता. यंदा आला म्हणजे पुढची चोवीस वर्षं सुट्टी नाही, पुढच्या वर्षी पण तेवढीच शक्यता.

आणि मुठेचं पाणी नुसत्या पावसावर नाही. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत, खडकवासला भरलं की पाणी सोडावंच लागतं आणि ते थेट शहरातून जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तो दिवस माझ्या सासूबाई अजून सांगतात. पण तेवढं लांब जायला नको, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, लोकांना घरातून बोटीने काढावं लागलं. ओढ्याकाठची घरं तर लोकांच्या लक्षातच येत नाहीत कारण ओढा वर्षातले अकरा महिने गटारासारखा दिसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी ह्या भागात जे केलं ते बघितल्यावर मी कुठल्याही घराच्या मागे "छोटा नाला" असं ऐकलं तरी थांबते. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि तो नाला वर कुठून येतो ते बोटाने मागे मागे बघत जा, किती मोठ्या डोंगराचं पाणी त्याच्यात येतंय ते कळतं.

पूररेषेचे नकाशे महापालिकेत बघायला मिळतात, विकास आराखड्याच्या नकाशावर पण असतात. पण माझं म्हणाल तर कागदाच्या आधी इस्त्रीवाला, किराणावाला, सोसायटीचा वॉचमन, ह्यांना विचारा. आणि प्लग बघा.

तिसरं म्हणजे डोंगर आणि तलाव. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात कारण पैसे कमी वाटतात. "लेक टच फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे, सातबारा तुमच्या नावावर." माझ्या मामाने असाच मुळशीकडे घेतला, रिटायर झाल्यावर, पीएफच्या पैशांतून. म्हणून ह्यावर जरा सविस्तर.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा कायदा आहे, तुकडेबंदी म्हणतात. २०२३ मध्ये शासनाने जे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं ते बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. त्याच्या खालचा तुकडा विकायचा तर परवानगी लागते. शहरी भागासाठी आता सवलती आल्यात, पण आपला गट, म्हणजे सरकारी नोंदीत स्वतःचा नंबर असलेला जमिनीचा तुकडा, त्या सवलतीत बसतो का हे विकणाऱ्याने सांगून चालत नाही, लेखी बघायला पाहिजे. मग पाच गुंठे विकतात कसे? तर एक गट घेतात, समजा अर्ध्या एकराचा, आणि चार-पाच अनोळखी लोकांना मिळून एकच खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक येतात. म्हणजे मामाचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते खोटं नाही, पण त्याचा तुकडा नेमका कुठला हे सरकारी नकाशात कुठेच नाही. चुन्याने मारलेल्या रेघा आणि कोपऱ्यात रोवलेले दगड, एवढंच. त्यातल्या एकाने कर्ज काढलं, एक वारला, एकाने दुसऱ्याच्या बाजूला कुंपण सरकवलं, की सगळे अडकले.

त्यात परत शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कूळकायद्याचं कलम ६३. आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर शेती नसेल तर आधी प्रश्न तिथेच येतो. कोणी म्हणेल शेतकरी दाखला करून देतो, तर तिथून सरळ घरी या. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन पुढे सरकारजमा होऊ शकते.

आता सातबारा हातात घ्या. महाभूलेखवर घरबसल्या निघतो. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी घालून ठेवतात. खरी गंमत डाव्या-उजव्या कोपऱ्यात असते. वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते, तिथे "भोगवटादार वर्ग १" असेल तर मालक स्वतःच्या मर्जीने विकू शकतो. "वर्ग २" असेल तर जमीन शासनाने काही अटींवर दिलेली आहे, वतनाची, इनामाची, धरणग्रस्तांना दिलेली, अशी कुठली तरी, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. धरणाच्या आसपास हे सापडणारच ना, माणसं उठवून जमिनी दिल्यात तिथे. मग "इतर हक्क" हा रकाना. सगळा संसार तिथे लिहिलेला असतो. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कलम ४३ ला पात्र (म्हणजे कूळकायद्याने मिळालेली, विकायला अटी असलेली जमीन), बहिणींचे हक्क, विहिरीतला हिस्सा, आणि कधी कधी वनखात्याची नोंद. १९७५ चा खाजगी वनांचा कायदा आहे, त्यात गेलेली जमीन असेल तर विषयच संपला. मामाच्या सातबाऱ्यावर एका फेरफाराच्या, म्हणजे हक्कात बदल झाल्याच्या नोंदीच्या, क्रमांकाला गोल केलेला होता. त्याला वाटलं छपाईचं काहीतरी असेल. गोल म्हणजे फेरफार रद्द झालाय असं नाही, तो आकडा म्हणजे त्या नोंदीची जुनी कथा कुठे वाचायची त्याचा पत्ता. ते फेरफार तलाठ्याकडून, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ऑनलाइन काढून एकेक वाचायचे. मामाने नंतर वाचले. त्या गटावर दोन चुलत भावांचा वाटपाचा दावा चालू होता, आणि ती नोंद त्याने खरेदी करायच्या चार वर्षं आधीची होती.

रस्ता हा अजून एक. तलावापर्यंत जीप गेली म्हणजे रस्ता आहे असं नाही, ती वाट शेजारच्याच्या शेतातून असते आणि तो आज हसून जाऊ देतो. खरेदीखतात वहिवाटीचा रस्ता किती फुटी आणि कुठल्या गटातून हे लिहिलेलं हवं. मामाच्या प्लॉटवर आज जायचं तर आधी एका घरी फोन करावा लागतो, ते गेट उघडतात. माणसं चांगली आहेत म्हणून.

डोंगरउतारावरच्या "हिल व्ह्यू" बंगल्यांना झोन दाखला काढा, जमीन विकास आराखड्यात कशासाठी ठेवलीये ते त्यात असतं. डोंगरमाथा-डोंगरउतार असा शिक्का असेल किंवा शहरात नंतर आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, बीडीपी, त्यात गट येत असेल, तर बांधकामाला जवळपास बंदीच. आधीच उभं असलेलं घर असेल तर विचारा की नकाशा कधी आणि कोणी मंजूर केला. मंजूर नकाशाची प्रत दाखवायला कोणी आठवडा लावत असेल तर ती बहुतेक नाहीये.

कॅम्पातले बंगले थोडक्यात सांगते कारण ते आपल्या आवाक्यात नाहीत, आम्ही नुसते झाडांसाठी बघतो. कॅन्टोन्मेंट हद्दीतल्या बऱ्याच जुन्या बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची आहे, ब्रिटिशांच्या काळात ओल्ड ग्रँटवर दिलेली. राहणाऱ्याच्या मालकीचं असतं ते वरचं बांधकाम. सरकार नोटीस देऊन, बांधकामाची भरपाई देऊन जागा परत घेऊ शकतं. तिथला कागद म्हणजे जीएलआर, जनरल लँड रजिस्टर, त्यात "ओल्ड ग्रँट" लिहिलेलं असेल तर तुम्ही एकराची किंमत देऊन चिंचेची सावली घेताय, चिंच नाही.

टेरेसचा फ्लॅट. हा आम्ही जवळजवळ घेतला होता. वरचा मजला, घराएवढं टेरेस, त्यावर काच लावून केलेली मस्त खोली, जाहिरातीत थ्री बीएचके. मंजूर नकाशा मागितला तर त्यात घर टू बीएचके आणि ती काचेची खोली म्हणजे उघडं टेरेस. तिसरी बेडरूम कागदावर नव्हतीच, पण चौरस फुटाचा दर तिलाही लावलेला. एजंटचं म्हणणं, घरपट्टी भरतोय की त्याची. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, महापालिका अनधिकृत बांधकामाला पण कर लावते. पावती म्हणजे परवानगी नाही.

आणि टेरेस कोणाचं? इमारतीचं गच्ची-टेरेस हे रेरा कायद्यात सामाईक जागेत धरलंय. फ्लॅटला जोडून नकाशात वेगळं दाखवलेलं टेरेस ही गोष्ट वेगळी, ते तुमच्या करारनाम्यात मापासकट लिहिलेलं हवं. "बिल्डरने त्यांना दिलेलं आहे" एवढ्यावर जाऊ नका. पार्किंगचं तसंच, मोकळं किंवा स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय, तरी लोक त्याचे लाखो मोजतात. भोगवटा पत्र नसलेली इमारत असेल तर रंगकाम कितीही छान असू दे, ती कागदावर अजून पूर्णच झालेली नाही.

अजून एक प्रकार म्हणजे बँकेच्या लिलावातली घरं, फोटो एकच, तोही बाहेरून काढलेला, आणि किंमत बघून डोळे मोठे होतात. सरफेसी कायद्याखाली, २००२ चा, कर्ज बुडालं की बँक घर विकते. जाहिरातीत "जसं आहे, जिथे आहे" असं असतं, ते नुसतं म्हणायला नाहीये. सोसायटीची थकबाकी, वीजबिल, घरपट्टी हे तुमच्या गळ्यात येऊ शकतं. आणि एक शब्द शोधा, सांकेतिक ताबा. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलीये, आत माणसं राहतायत. प्रत्यक्ष ताबा लिहिलेला असेल तर गोष्ट निराळी. पैशाचं वेळापत्रक पण कडक, बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के, अनामत धरून, आणि बाकीचे ७५ टक्के साधारण १५ दिवसांत. चुकलं तर भरलेले पैसे जप्त. आपलं होम लोन १५ दिवसांत मंजूर होतंय का ते बोली लावायच्या आधी बघायचं.

आता आम्ही घर आवडलं की काय करतो ते सांगते. सगळ्यात आधी बँकेत फोन. घर घ्यायचं नक्की नसलं तरी. ह्या मिळकतीला लोन मिळेल का एवढंच विचारायचं, कारण बँकेचा वकील आपल्यासाठी पहिली चाळणी लावतो, आणि विकणारा "कॅशच बरी पडेल" म्हणाला तर त्याला कारण विचारायचं. मग मिळकत पत्रिका नाहीतर सातबारा, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र. इंडेक्स टू नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर बघता येतं, मागच्या खरेदीत घर कोणी कोणाला कितीला दिलं ते त्यात असतं. एवढं जमलं की वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मागच्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध, आणि पेपरात जाहीर नोटीस, चौदा-पंधरा दिवसांची. लोक नोटिशीचे पैसे वाचवतात. नागपूरच्या चुलत्याला वाडा विकला जातोय हे त्या नोटिशीवरूनच कळतं, आणि ते टोकनच्या आधी कळलेलं बरं की नंतर?

जमीन असेल तर सरकारी मोजणी, भूमी अभिलेखची, आणि क प्रत, म्हणजे त्या मोजणीचा हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, हातात. खाजगी मोजणीवाल्याचा नकाशा कितीही रंगीत असला तरी कोर्टात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि किंमतीच्या वर काय लागतं ते धरा. पुणे शहरात स्टॅम्प ड्युटी सगळे सेस धरून ७ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. सोसायटी ट्रान्सफरचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेऊ शकते, "डोनेशन" म्हणून लाख मागितले तर लेखी मागा. स्वतः राहणार असाल तर पीटी-३ फॉर्म भरून घरपट्टीतली ४० टक्के सवलत घ्या, आधीचा मालक भाड्याने देत असेल तर ती बंद असते आणि आपोआप सुरू होत नाही.

घर दोनदा बघा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. मे महिन्यात टँकर किती येतात ते कळतं, जुलैत बाकी सगळं.

त्या वाड्यातल्या आजींचा नंबर मी तेव्हा घेऊन ठेवला होता, दिवाळीला फोन असतो आमचा. यंदा म्हणाल्या, रविवारी एक जोडपं आलं होतं गं बघायला, नवीन लग्न झालेलं, पोरगी तुझ्यासारखीच हौदापाशी बसून फोटो काढत होती. वर बोलावलं, चहा केला. मी विचारलं, मग? म्हणाल्या, मग काय, पावत्यांची चोपडी दाखवली.